एकाच मोबाईलवर आलेले दोन निरोप
– ऊस विकास अधिकारी



ह्या पानावर मी आजवर लागणीच्या तारखा, बेण्याचे मळे, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्याची जोपासना असेच विषय घेत आलो. आजचा विषय जरा वेगळा आहे. काही वाचक म्हणतील की, ऊस विकास अधिकाऱ्याने बायकांच्या बाळंतपणात कशाला लक्ष घालावे? मीही बरेच दिवस स्वतःला हेच सांगत होतो आणि म्हणून लिहायचे टाळत होतो. पण ज्या गोष्टीत चूक आपल्या खात्याची आहे, ती दुसऱ्या कुणी दाखवण्याआधी आपणच सांगितलेली बरी.

२०२४ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. आडसाली लागणीची धांदल चालू होती. एका सभासदांच्या प्लॉटवर बेणे प्रक्रिया नीट होते की नाही ते पाहायला मी गेलो. बांधावर मोठे पिंप, त्यात औषधाचे पाणी, आणि पिंपाभोवती तिघीजणी. टोपलीने टिपऱ्या पिंपात ओतायच्या, वर आलेल्या हाताने खाली दाबायच्या, दहा मिनिटे झाली की हातानेच उपसून काढायच्या. तिघींचेही हात कोपरापर्यंत पांढरट झालेले. खोटे कशाला सांगू, मला ते पाहून समाधान वाटले. आमच्या गटातले कित्येक सभासद बेणे प्रक्रियेचे नाव काढले की ‘बघू, करू’ म्हणतात आणि कोरडेच बेणे सरीत दाबतात. इथे तर सगळे शिफारशीप्रमाणे. मी फोटोसुद्धा काढला, गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकावा म्हणून.

मग लक्षात आले, त्यातली एक सभासदांची सून आहे आणि तिला दिवस गेलेले आहेत. पाचवा महिना असावा. मी काही बोलायच्या आत सासरेच म्हणाले, “तिला ओझं उचलू देत नाही साहेब. सरीत वाकायचंही काम नाही. पिंपापाशी बसून हलकं काम दिलंय.” हे त्यांनी मनापासून सांगितले. सुनेची काळजी होती म्हणूनच तिला पिंपापाशी बसवली होती.

तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. त्यांनी उचलला, ऐकला आणि हाक मारली, “अगं, तुझा फोन आला बघ, दवाखान्याचा.” सूनबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी स्पीकर लावला. आतून एक बाई सावकाश मराठीत सांगत होत्या, लोहाच्या गोळ्या रोज घ्या, तपासणी चुकवू नका. मिनिट-दीड मिनिटाचा निरोप. तो संपला तेव्हा सूनबाईंनी मला विचारले, “साहेब, ह्या औषधानं काही होत नाही ना?”

मी म्हटले, “काही होत नाही. हात साबणानं धुवा म्हणजे झालं.”

आणि मोटारसायकलला किक मारून पुढच्या प्लॉटला गेलो.

रात्री मला ते उत्तर टोचू लागले. मी कृषी पदविकाधारक, डॉक्टर नव्हे. मग ‘काही होत नाही’ हे मी कशाच्या आधारावर सांगितले? घरी पडलेले बुरशीनाशकाचे पाकीट काढले आणि बारीक अक्षरातला कागद चष्मा लावून वाचला. पुढे एका डॉक्टर मित्राकडून आणखी समजून घेतले. आपण बेण्याला वापरतो ते कार्बेन्डाझिम हे युरोपच्या रसायनांच्या वर्गीकरणात पोटातल्या बाळाला अपाय करू शकणाऱ्या द्रव्यांमध्ये धरलेले आहे. त्याच पिंपात आपण किडीसाठी मॅलेथिऑन घालतो. ते मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या औषधांच्या वर्गातले आहे आणि तोंडावाटेच नव्हे तर कातडीतूनही अंगात जाते. उसाच्या पाल्याने हात आधीच चिरलेले असतात. त्याच हाताने दुपारची भाकरी. एक दिवस हात बुडवला की लगेच बाळाला काही होईल, असा त्याचा अर्थ नाही. घाबरवण्याचा माझा हेतू नाही. पण जे टाळता येते, ते पाचव्या महिन्यातल्या बाईने का करावे?

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो आणि सांगितले की काल मी चुकीचे बोललो. सासऱ्यांनी लगेच सुनेला घरी पाठवले. नंतर ते आपला मोबाईल माझ्यासमोर धरून म्हणाले, “पण साहेब, हे तुमच्याच मेसेजप्रमाणं केलं की.” मी पाहिले. खरेच माझा मेसेज होता. कारखान्याकडून सर्व आडसाली नोंदधारकांना गेलेला: शंभर लिटर पाण्यात शंभर ग्रॅम कार्बेन्डाझिम व तीनशे मिली मॅलेथिऑन मिसळून त्यात बेणे दहा मिनिटे बुडवावे. माप बरोबर, वेळ बरोबर. बुडवणाऱ्याच्या हाताबद्दल एक अक्षर नाही.

म्हणजे एकाच मोबाईलवर दोन निरोप आले होते. एक सरकारी आरोग्य खात्याचा, गोळ्या घ्या म्हणणारा. दुसरा आमचा, बेणे बुडवा म्हणणारा. एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. आणि त्या घरात जास्त वजन पडले ते आमच्या निरोपाचे, कारण उसाचे पैसे आमच्याकडून येतात.

आता त्या पहिल्या निरोपाविषयी थोडे सांगतो, कारण बऱ्याच घरांत तो येतो आणि जाहिरातीचा फोन समजून कापला जातो. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाची ‘किलकारी’ नावाची ही सेवा जानेवारी २०१६ मध्ये सुरू झाली आणि महाराष्ट्रात ती फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. गरोदर बाईची नोंद आशाताई किंवा नर्सबाईंकडे झाली की चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक, असे एकूण ७२ निरोप फोनवर ऐकू येतात. पैसे पडत नाहीत. साधा बटणांचा फोन चालतो, वाचता आले नाही तरी चालते. शहरातल्या मुली गरोदरपणाची जी नाना ॲप घेतात, त्यांपेक्षा आपल्या भागाला ही गोष्ट अधिक सोयीची आहे असे माझे मत आहे.

ह्या निरोपांचा उपयोग होतो का, हेही मध्य प्रदेशात पाच हजारांवर स्त्रियांची पाहणी करून तपासले गेले आहे. पाळणा लांबवण्याच्या साधनांचा वापर निरोप ऐकणाऱ्या घरांत थोडा वाढलेला दिसला. पहिले सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध पाजण्याच्या बाबतीत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे काही सवयी निरोपाने हलतात, काही हलत नाहीत. आम्हा शेतकी खात्यातल्या लोकांना ह्यात नवल वाटू नये. बेणे बदला म्हटले की सभासद बदलतात, आणि पाणी कमी द्या म्हटले की माना डोलावून दारे तसेच चालू ठेवतात.

अडचण कुठे आहे? पहिली अडचण फोनचीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता, खेड्यापाड्यांत तर निम्म्याहून कमी स्त्रियांकडे. फोन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या खिशात, आणि तो खिसा दिवसभर रानात. पण मला ह्याहून मोठी वाटते ती दुसरी अडचण. निरोप बाईला सांगतो, धुरापासून जपा, औषधांपासून दूर राहा, पाणी चांगले प्या. हे तिच्या हातात असते का? पाचट पेटवतो कोण? पंप पाठीवर घेतो कोण? विहिरीचे पाणी घरात भरायचे की शुद्ध पाण्याचा जार आणायचा, हे ठरवतो कोण? माझे म्हणणे एवढेच की, गरोदरपणातल्या ह्या सवयींचा निरोप बाईच्या फोनवर जाऊ द्यावाच, पण त्याआधी तो तुमच्या-आमच्या फोनवर आला पाहिजे.

फवारणीचेच घ्या. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून तोंडाला फडके आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, एवढे तरी आपल्याकडे दिसू लागले. बरे झाले. पण संध्याकाळी तो सदरा कुठे जातो? घरच्या धुण्यात. लुगडी, लहान मुलांची झबली आणि फवारणीचा सदरा एकाच बादलीत, आणि धुणारी घरातली बाई, पोटुशी असली तरी तीच. फवारणीचे कपडे फवारणाऱ्याने स्वतः, वेगळ्या बादलीत, रानातच खळबळून मग घरी आणावेत. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. मी स्वतः माझ्या घरच्या अर्ध्या एकर भाजीवर फवारतो आणि आता तसे करतो. पहिल्या दिवशी शेजारी हसले, नंतर हसायचे थांबले.

औषधाच्या डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. हे प्रत्येक सभासदाला ठाऊक असले पाहिजे, तसेच घरातल्या बाईलाही. रिकामे कॅन पाण्याला वापरू नका, हे किती वेळा सांगितले ह्याला हिशेब नाही. हुमणीसाठी पूर्वी आपण सर्रास टाकत होतो त्या फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, तरी कुणाच्या खोपटात जुना पुडा पडलेला असेल तर तो मुलाबाळांच्या हाती लागणार नाही असा दूर ठेवा आणि गट कार्यालयात कळवा. कुणावर केस करायची नाही.

पाण्याच्या बाबतीत मला स्वतःच्या खात्याकडे बोट दाखवावे लागते. आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १६० किलो. ४५ किलोच्या पोत्याने युरिया सुमारे पावणेआठ पोती होतो. प्रत्यक्षात एकरी किती पोती पडतात, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी विचारावे. पिकाला न लागलेले नत्र पाट-पाण्याबरोबर खाली उतरते आणि नायट्रेट होऊन विहिरीत येते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असू नये असे भारतीय मानक सांगते. बरेच लोक समजतात की पाणी उकळले म्हणजे सगळे दोष जातात. जंतू मरतात हे खरे, पण नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. अशा पाण्यात वरचे दूध कालवून बाटलीने पाजले तर तान्ह्या मुलाच्या रक्तातला प्राणवायू कमी पडून ते निळे पडू शकते. आपल्या कारखान्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत सभासदांच्या विहिरीच्या पाण्याचे नायट्रेट तपासून द्यावे, आणि ज्या घरात बाळंतपण आहे तिथे ते आधी द्यावे, असे मी सुचवणार आहे. पोते वाचले तर पैसेही वाचतात, हे वेगळे सांगायला नको.

मिश्रीबद्दल एकच गोष्ट लिहितो, कारण ती पुरुषांनी सांगून सुटणारी नाही, सासूबाईंनी मनावर घ्यायची आहे. मुंबईत बाराशेहून अधिक गरोदर स्त्रियांची पाहणी होऊन २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. मिश्री आणि तत्सम तंबाखू लावणाऱ्या स्त्रियांची मुले जन्मतः सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली, आणि दिवस भरण्याआधीच बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते.

आता धुराकडे येतो. पाचट जाळू नका, हे मी जमिनीच्या कसासाठी अनेक वर्षे सांगतो आहे. एकरी तीन-चार टन पाचट निघते. प्रत्येक टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू वापरून ते सरीतच कुजवले तर खोडव्याला त्याच्यासारखे खत नाही. हे ऐकून पुष्कळ सभासद सुधारले आणि काही अजून काडी ओढतातच. त्यांना आज दुसरे कारण सांगतो. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी हवा जड होऊन खाली बसते, धूर वर चढत नाही, वस्तीवर आणि तोडणी कामगारांच्या अड्ड्यावर पसरून राहतो. त्या धुरातले बारीक कण आईच्या छातीत जातात, तिथून रक्तात, आणि त्याचा परिणाम पोटातल्या मुलाच्या वजनापर्यंत पोचतो. अड्ड्यावर कोपीच्या तोंडाशी चुलीवर भाकरी थापणारी बाई तर दुहेरी धूर खाते, एक तिच्या चुलीचा आणि एक आपल्या फडाचा.

ह्या अड्ड्यांविषयी सविस्तर लिहिले पाहिजे. बीड, जालना, पाथर्डी-शेवगाव भागातून ही मंडळी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळ्यात परततात. त्यातली पोटुशी बाई गावाकडे आशाताईकडे नोंदलेली असते, पण ती इथे आणि तिचे कार्ड तिथे. किलकारीचा फोन ज्या नंबरवर यायचा तो नवऱ्याचा. नवरा गाडीवर. कधी सिमकार्ड बदललेले असते, कधी रिचार्ज संपून येणारे फोनसुद्धा बंद झालेले असतात. निरोप आलाच तर ‘विश्रांती घ्या’ म्हणून येणार. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. बाई बसली की कोयता अर्धा झाला, खाडा पडला, उचल फिटायची लांबली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाने त्यावर समिती नेमली, तेव्हा ह्या खाड्याची भीती किती खोल आहे ते साऱ्या महाराष्ट्राने ऐकले. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्या सातव्या महिन्यातल्या बाईला मोबाईलवर विश्रांतीचा सल्ला देणे, हे मला थट्टेसारखे वाटते.

एका बैठकीत सूचना आली की कारखान्याच्या ॲपवर गरोदर बायकांची यादी करावी, सभासदांच्या घरातल्या आणि टोळ्यांतल्याही, म्हणजे प्रत्येकीला वेगळा निरोप पाठवता येईल. सूचना चांगल्या हेतूने आली होती, पण मी तिला विरोध केला आणि इथेही करतो. आपल्याला दिवस गेले हे कुणाला आणि कधी सांगायचे, हे त्या बाईने ठरवायचे. ते वजनाच्या पावतीशेजारी कारखान्याच्या दप्तरात नको. टोळीच्या बाबतीत तर यादी मुकादमाच्या हाती पडली की पुढच्या हंगामात तो कोयता घेणारच नाही, किंवा उचल कापेल, आणि मग बाया महिने लपवू लागतील. यादी करायची तर आशाताईंनी करावी. आपण अड्डा कुठे पडला आणि त्यात किती कुटुंबे उतरली, एवढेच गावच्या उपकेंद्राला त्याच दिवशी कळवावे. आमच्या चिटबॉयला हे सहज जमेल, तो नाहीतरी तिथे रोज जातो. आशाताई तिथे गेल्या की नंबर बदलून घेणे, तपासणी, गोळ्या, हे सारे त्यांच्या खात्याकडून होईल. आणि पोटुशी बाई बसली तर तो खाडा धरू नये, असे करारातच मुकादमाकडून लिहून घेता येते का, हे मा. संचालक मंडळाने पाहावे. ह्यावर काहीजण म्हणतील की आधीच तोडणीचा खर्च परवडत नाही. मान्य आहे. पण एका टोळीत अशा बाया असतात किती? एक, फार तर दोन.

सभासदांसाठी मात्र वेगळी यादी, वेगळे ॲप, वेगळा खर्च, काहीच लागत नाही. लागणीचे, फवारणीचे, तोडणीचे मेसेज आपण पाठवतोच. कारखान्याचे ॲप तुमची मुले उघडतात, वजन पाहतात, बिल पाहतात. त्याच मेसेजमध्ये एक ओळ वाढवायची आणि ती सर्वांनाच पाठवायची, घरात कुणी गरोदर असो वा नसो. बेणे प्रक्रियेसाठीही साधा उपाय आहे: टिपऱ्या प्लॅस्टिकच्या जाळीदार क्रेटमध्ये किंवा कांद्याच्या गोणीत भरायच्या आणि दोरीने पिंपात सोडून दोरीनेच वर घ्यायच्या. गेल्या हंगामात तीन-चार ठिकाणी करून पाहिले. हात बुडत नाही आणि वेळही वाचतो. रबरी हातमोजे गट कार्यालयात औषधाबरोबरच ठेवावेत, अशी मागणी मी केली आहे.

ज्या सूनबाईंच्या प्रश्नावरून हे सारे सुरू झाले, त्या नोव्हेंबरमध्ये बाळंत झाल्या. मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत. पेढे गट कार्यालयात आले होते. त्यात माझे काही कर्तृत्व नाही.

येत्या आडसाली लागणीसाठी मेसेजचा मसुदा मी मा. कार्यकारी संचालकांकडे दिला आहे. तो असा: “बेणे प्रक्रिया: १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम व ३०० मिली मॅलेथिऑन, १० मिनिटे. बेणे जाळीत भरून दोरीने बुडवा, हातमोजे घाला. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना पिंपापाशी बसवू नका, हे काम हलके नाही. कामाचे कपडे स्वतः वेगळे धुवा.” मेसेज लांब झाला आहे, हे मला कळते. कमी शब्दांत कुणाला सुचत असेल तर ३० जूनपर्यंत आपापल्या गट कार्यालयात लिहून द्यावे. भगिनींनी दिल्यास अधिक बरे.